पोटातला वैश्वानर



गीतेच्या पंधराव्या अध्यायातला चौदावा श्लोक आपल्यापैकी पुष्कळांना पाठ असतो. अनेक घरांत पहिला घास घेण्यापूर्वी तो म्हणतात. भगवंत तेथे सांगतात की, प्राणिमात्रांच्या देहात मी वैश्वानर होऊन राहतो आणि प्राण व अपान यांच्या योगाने चार प्रकारचे अन्न मीच पचवतो. ज्ञानोबारायांनी या ठिकाणी आगटीचा दृष्टांत योजला आहे. पोटात आगटी पेटलेली, प्राण आणि अपान हा तिचा जोडभाता, आणि रात्रंदिवस चाललेली फुंकणी. हा श्लोक मी पन्नास वर्षे कीर्तनांतून सांगितला. आता कीर्तनसेवेतून निवृत्त झालो आहे. मागे वळून पाहताना वाटते की श्लोक सांगितला खरा, पण त्याची परीक्षा ज्या दिवशी झाली त्या दिवशी मी उतरलो नाही.

ती हकिकत आधी सांगतो, मग विचाराकडे वळू.

मावळात तळेगाव दाभाड्याजवळ नवलाख उंबरे नावाचे गाव आहे. देहू, भंडारा डोंगर, संताजी जगनाडे महाराजांचे सुदुंबरे हा सगळा टापू जवळचाच. आता औद्योगिक वसाहतीचे पत्रे शिवाराला येऊन भिडले आहेत, तरी पावसाळ्यात भातखाचरे भरतात आणि इंद्रायणी भाताचा वास वाऱ्यावर येतो. अशा गावी सप्ताहाच्या कीर्तनसेवेसाठी माझे जाणे होत असे. सप्ताहात वीणा अखंड उभी असते हे तुम्ही जाणताच. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पण जमिनीला टेकत नाही. ज्याच्या गळ्यात वीणा, त्याच्या पायांवर लहानथोर डोके ठेवतात. तेथे एक विणेकरी होते. भातशेती करणारे, साठीच्या घरातले, बोलायला कमी. तीस वर्षे त्यांचा पहारा चुकला नव्हता.

एका वर्षी त्यांना मोठ्या आतड्याच्या शेवटी गाठ निघाली. पुण्यात शस्त्रक्रिया झाली. गुदाशय काढावा लागला. आतड्याचे तोंड पोटावर डाव्या अंगाला बाहेर आणले आणि तेथे पिशवी लावली. ती पिशवी आता जन्माची. मल तीत जमतो, ती रिकामी करायची, धुवायची किंवा बदलायची, पुन्हा लावायची. सप्ताहाच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले. दार लोटून घेतले आणि उभ्यानेच म्हणाले, "बुवा, पोटावर पिशवी आहे. वीणा घेतलेली चालंल का?"

मंडपात कोणी कोणी आधीच कुजबुजले होते, ते माझ्या कानावर होते. पण दोष त्यांचा नाही. माझ्याच मनाने अंग काढले. मी म्हणालो, "यंदा राहू द्या. पुढच्या वर्षी बघू." मी शास्त्राचा आधार दिला नाही. त्यांनी मागितला असता तर मला देताही आला नसता.

ते बरं म्हणाले आणि गेले. सातही दिवस ते मंडपाच्या बाहेर, उंबराच्या बुंध्यापाशी उभे राहून टाळी वाजवत होते. आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन माझेच होते. गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून त्यांच्या तोंडचे उष्टे भगवंताने कसे आवडीने खाल्ले, ते मी गहिवरून सांगितले. ऐकणाऱ्यांचे डोळे ओले झाले. काला वाटताना त्या विणेकऱ्यांनी गर्दीच्या मागून, लांबूनच हात पुढे केला. तेव्हा माझ्या ध्यानात आले की उष्ट्याचा महिमा सांगणारा मी, एका माणसाच्या पोटाला भ्यालो होतो.

वाचक हो, प्रश्न असा आहे. ज्या देहात वैश्वानर राहतो असे आपण म्हणतो, त्या देहातला अन्नाचा मार्ग अशुद्ध कसा? आणि तो अशुद्ध असेल, तर त्या मार्गाविना देवापुढे उभा राहिलेला एक तरी मनुष्य दाखवता येईल का?

उत्तराकडे जाण्यापूर्वी तो मार्गच नीट पाहू. शिसारी आली तर क्षणभर आवरा. परमेश्वराने जे घडवले ते पाहायला लाजणे बरे नाही.

चतुर्विध अन्न म्हणजे चावायचे, गिळायचे, चाटायचे आणि चोखायचे. भाकरी चावतो, कण्या गिळतो, पंचामृत चाटतो, ऊस चोखतो. भाकरीचा कोरडा घास तोंडात बराच वेळ घोळवला तर तो गोड लागू लागतो. हे करून पाहा. लाळ पिठातील सत्त्वाची साखर करू लागते, म्हणून ती गोडी. घास गिळेपर्यंत तो आपल्या हुकमात असतो. थुंकायचा म्हटला तर थुंकता येतो. एकदा गिळला की आपला अधिकार संपला. वीतभर अन्ननलिकेतून लाटेसारख्या आकुंचनाने तो खाली जातो, आणि मनुष्य डोक्यावर उभा असला तरी जठराकडेच जातो. पुढचे सर्व काम आपल्याला न विचारता चालते. मी जेवलो असे म्हणण्याचा हक्क मनुष्याला आहे. मी पचवले असे म्हणण्याचा हक्क कोणाला आहे? आपण झोपतो, भांडतो, बेशुद्ध पडतो, तरी आतला आचारी चूल सोडत नाही. भगवंत 'मीच पचवतो' म्हणतात, त्यातले 'मीच' मला येथे कळले.

जठरात आग म्हणावी तशी ज्वाळा नाही. तेथे तीव्र आम्ल आहे. हे जगाला कसे कळले ते ऐकण्याजोगे आहे. १८२२ साली अमेरिकेत मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला जवळून बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण पोटाचे छिद्र बुजले नाही. तेथून थेट जठरात पाहता येई. बोमाँट नावाच्या लष्करी डॉक्टराने अन्नाचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्या छिद्रातून आत सोडले, ठरावीक वेळाने ओढून काढले आणि काय उरले ते लिहून ठेवले. जठरातला रस काढून बाटलीत ऊबेला ठेवला, तर त्यातही मांस विरघळले. १८३३ साली त्याने हे सर्व ग्रंथरूपाने छापले. पोटाला छिद्र असलेल्या त्या मनुष्याने पुढे लग्न केले, मुलेबाळे झाली, कष्ट केले, पुष्कळ वर्षे जगला. सगळ्या जगाने जठराग्नीचे रहस्य वाचले ते त्याच्या उघड्या पोटातून. आपण अशा मनुष्याच्या गळ्यात वीणा घातली असती का, हा विचार मी अनेकदा केला आहे.

जठरापुढे लहान आतडे. ते सहा मीटरच्या आसपास लांब, वेटोळी घालून बसलेले. आतून त्याला मखमलीसारखी लव असते आणि त्या लवेतून अन्नरस रक्तात जातो. हे आतले अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते. म्हणजे मागच्या एकादशीला ज्या अस्तराने साबुदाणा पचवला, ते या एकादशीला उरलेले नाही. पोट रिकामे असते तेव्हाही आतडे स्वस्थ नसते. दर दीड-दोन तासांनी एक लाट जठरापासून निघते आणि उरलेसुरले कण, मेलेल्या पेशी, जंतू पुढे लोटत जाते. आपण म्हणतो, पोटात कावळे ओरडतात. त्या आवाजात या झाडलोटीचाही वाटा असतो. गाडगे महाराज गावात शिरले की आधी खराटा घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. १९५६ साली त्यांनी देह ठेवला. पण आतला खराटा प्रत्येकाच्या पोटात अजून चालू आहे, आणि ज्या मार्गात इतकी झाडलोट चालते त्याला आपण घाणीचा मार्ग म्हणतो.

शेवटी मोठे आतडे, सुमारे दीड मीटरचे. ते पाणी शोषून परत देहाला देते. तेथे सूक्ष्म जीवांची वस्ती आहे. आपल्या देहात जितक्या पेशी, जवळपास तितकेच हे पाहुणे. आपल्याला न पचणारे चोथे ते खातात, त्यांतून आतड्याच्या भिंतीला पोषण देतात, काही जीवनसत्त्वेही तयार करतात. ज्याला आपण मल म्हणतो त्यात तीन भाग पाणीच असते, आणि उरलेल्या भागात या जीवांचा वाटा मोठा असतो. म्हणजे हे एक गावच आहे, आणि त्या गावाचाही आचारी वैश्वानरच.

आता गोठ्यात चला. गाय चरते तेव्हा चावत बसत नाही. गवत भराभर गिळते आणि मग सावलीत बसून रवंथ करते. तिचे पोट चार कप्प्यांचे. पहिल्याला कोठीपोट म्हणू, कारण ते कोठारासारखे, शंभर लिटरांहून अधिक मावणारे. दुसरे मधाच्या पोळ्यासारखे जाळीचे, तिसरे पोथीच्या पानांसारखे पदरांचे, आणि चौथे आपल्या जठरासारखे. लहान आतडे सुमारे चाळीस मीटर. पण नवल लांबीचे नाही. गवतातला मुख्य अंश गाईला स्वतःला पचवताच येत नाही. कोठीपोटातले असंख्य सूक्ष्म जीव तो फोडतात. गाय त्यांना चारा देते, ऊब देते, आणि त्यांनी केलेल्या अन्नावर आणि शेवटी त्यांच्याच देहांवर जगते. आपण एका गाईला घास घालतो तेव्हा अब्जावधी जिवांची पंगत बसते. तीच गाय न चावता गिळते म्हणून तार, खिळा, प्लास्टिकची पिशवी बिनबोभाट पोटात घेते. तार जाळीपोटातून काळजात शिरून जनावरे दगावतात. पंगती झाल्यावर पत्रावळी आणि पिशव्या रस्त्यावर टाकून जाणाऱ्या आपल्या दिंड्यांनी हे ध्यानात धरावे. पचवणारा तोच असला तरी घास घालणारे हात आपले आहेत.

गोठ्यातून बाहेर उंबराखाली या. उंबराचे फूल दिसत नाही, कारण ते फळाच्या आत असते आणि बारीक कीटक आत शिरून परागीभवन करतात. फळ पिकले की साळुंक्या, बुलबुल, तांबट दिवसा येतात, वटवाघळे रात्री. पाखराचा गर पचतो, बी पचत नाही. ती पाखराच्या आतड्यातून प्रवास करून दूर कुठे पडते. पडक्या भिंतीच्या सांदीत, दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात, विहिरीच्या कडेला. तेथे वड, पिंपळ, उंबर उगवतात. कोणी लावले म्हणून विचाराल तर कोणी नाही. ज्या गावाच्या नावातच उंबर आहेत, त्या गावाला नाव देणारी झाडे माणसांनी मोजून लावली असतील असे मला वाटत नाही. पाखरांच्या विष्ठेतून ती उगवली असणार. ज्या औदुंबराखाली आपण दत्तप्रभूंच्या पादुका ठेवतो, त्याची बी कोणाच्या आतड्यातून आली हे आपण विचारत नाही. विचारू नयेच. मग माणसाच्या बाबतीत तरी का विचारतो?

आणि खाचराच्या बांधावरचे गांडूळ. त्याचा देह म्हणजे तोंडापासून गुदापर्यंत सरळ गेलेली एक नळी. माती आणि कुजका पाला आत घ्यायचा, त्यातले सत्त्व घेऊन माती बाहेर टाकायची. विलायतेतील चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञाने आयुष्यभर गांडुळांचे निरीक्षण करून १८८१ साली त्यांच्यावर एक ग्रंथच लिहिला आणि दाखवले की शेतांची वरची माती पुन्हा पुन्हा त्यांच्या पोटातून गेलेली असते. म्हणजे ज्या मातीतून इंद्रायणी भात येतो आणि ज्याचा नैवेद्य आपण पांडुरंगाला दाखवतो, ती माती आधी कोणाच्या तरी आतड्यातून आली आहे.

गांडुळाच्या या सरळ नळीवरून आणखी एक गोष्ट उमगते. बासरी डोळ्यांपुढे आणा. बासरीची पोकळी बासरीच्या आत असते, पण ती बासरी नव्हे. त्या पोकळीतली हवा बाहेरचीच. तसा आपल्या देहातून हा अन्नमार्ग गेला आहे, दोन्ही टोकांना उघडा. त्यातले अन्न आतड्याची भिंत ओलांडून रक्तात जाईपर्यंत ते आपले झालेले नसते, आणि ओलांडून न जाणारे कधीच आपले नव्हते. म्हणजे मल हा माणसाचा अंश नाही. तो त्याच्यातून वाट काढत गेलेला प्रवासी आहे. जो माणसाचा अंशच नाही, त्याने माणूस विटाळेल कसा?

शास्त्र काय म्हणते तेही पाहू. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक ऋषी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, सांगतात की खाल्लेल्या अन्नाचे तीन भाग होतात. स्थूल भागाचा मल होतो, मधल्याचे मांस होते आणि अतिसूक्ष्म भागाचे मन होते. मुलाला पटावे म्हणून ते त्याला पंधरा दिवस अन्नावाचून, केवळ पाण्यावर ठेवतात. मग वेद म्हणायला सांगतात, तर त्याला काही आठवत नाही. जेवून आल्यावर सगळे आठवते. वाचक हो, या वचनाकडे नीट पाहा. मन आणि मल एकाच घासाचे आहेत. ज्या भाकरीच्या तुकड्यातून विठ्ठल नाम आठवणारे मन होते, त्याच तुकड्यातून पिशवीतले ते होते. एकाला मखर आणि दुसऱ्याला शिवी, हा न्याय ऋषींनी केलेला नाही. त्यांनी दोघांची एकाच ओळीत मोजणी केली.

येथे कोणी म्हणेल, बुवा, तुम्ही शौच बुडवायला निघालात. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत शौच सांगितले आहे, त्याचे काय? शंका रास्त आहे आणि तिला बगल देऊन चालणार नाही. माणसाच्या विष्ठेतून पटकी, विषमज्वर पसरतात. एके काळी पंढरीच्या यात्रेत पटकीने माणसे दगावत आणि यात्रेकरूंबरोबर साथ गावोगाव जाई. तेव्हा मल दूर ठेवावा, हात धुवावेत, पिण्याचे पाणी जपावे, हे शहाणपण आहे आणि धर्मही आहे. पण नीट पाहा. शौच ही करण्याची गोष्ट आहे, जन्माला चिकटलेली नव्हे. धुण्याने जे जाते ते धुवावे. ते विणेकरी दिवसातून अनेकदा पिशवी पाहतात, कातडी कोमट पाण्याने पुसतात, हात साबणाने धुतात. इतके शौच मंडपात बसलेल्यांपैकी किती जण करतात? मी तर करत नव्हतो. आपल्या सर्वांच्या पिशव्या पोटाच्या आत आहेत, त्यांची बाहेर आहे. फरक एवढाच. आतल्या पिशवीसह मी वीणेला हात लावला की मी महाराज, आणि त्यांनी लावला की विटाळ. याला शौच म्हणत नाहीत. ही नुसती नजरेची सवय आहे.

ही सवय किती दूर जाते तेही आपल्याला ठाऊक आहे. दुसऱ्यांची घाण ज्यांनी डोक्यावरून वाहिली, त्यांनाच आपण पिढ्यान्‌पिढ्या घाण म्हटले. हे काम माणसाकडून करून घेण्यास बंदी घालणारा नवा कायदा करायला २०१३ साल उजाडावे लागले. चोखोबा महाद्वाराबाहेर राहिले ते देवाच्या आज्ञेने नव्हे, माझ्यासारख्यांच्या 'पुढच्या वर्षी बघू' या उत्तराने. पुढचे वर्ष यायला तेथे शतके लागली.

आणि मंडपात आपण काय काय चालवून घेतो तेही पाहा. मृदंगाला कातडे असते आणि धुमेला ओली कणीक लावल्याशिवाय तो बोलत नाही. जनावराचे कातडे आणि माणसाचे अन्न, दोन्ही एकत्र येतात तेव्हा कीर्तनाला ठेका मिळतो. गादीचा कापूस पिंजणाऱ्याच्या धनुकलीची तात जनावराच्या आतड्याची असे. गाईच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर आपण पोथी उघडतो. नामदेवराय भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले आणि नाथांनी रामेश्वरासाठी आणलेली कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडी रिती केली, या कथा आपण वर्षानुवर्षे सांगतो. कुत्रा काय खातो आणि गाढव कोठे लोळते हे त्यांना दिसत नव्हते असे नाही. त्यांना पोटातला वैश्वानर आधी दिसला. एकाला कोरडी भाकरी बाधेल याची काळजी, दुसऱ्याच्या तहानेची काळजी. संतांनी पोटाकडे पाहिले ते असे.

आणखी एक. ज्या उपायाने त्या विणेकऱ्यांचे प्राण वाचले तो माणसाच्या करुणेचा जुना वारसा आहे. सुश्रुताने आतडे फाटल्यास जखमेच्या कडा जुळवून मुंगळ्यांकडून चावा घेववण्याची रीत सांगितली आहे, म्हणजे मुंगळ्यांची डोकी टाक्यांसारखी बसतात. फ्रान्समध्ये ड्युरे नावाच्या शस्त्रवैद्याने १७९३ साली, जन्मतः गुदद्वार नसलेल्या बाळाच्या पोटावर आतड्याचे तोंड काढले. ते बाळ पंचेचाळीस वर्षे जगले. देहाचा एक दरवाजा बंद झाला म्हणून कोणी तरी दुसरा उघडला. तो उघडा दरवाजा पाहून आम्ही मंडपाचा दरवाजा लावायचा, हे पांडुरंगाला कसे आवडेल?

असो. पुढच्या वर्षी प्रकृतीमुळे माझे जाणे झाले नाही. त्याच्या पुढच्या वर्षी गेलो तो आधी त्यांच्या घरी. म्हणालो, "यंदा पहिला पहारा तुमचा." ते हसले. म्हणाले, "घेतो की बुवा. पण पहिला नको. रात्री दोन ते चारचा द्या." मी विचारले, तोच का? म्हणाले, "तेव्हा मंडपात माणूस नसतं. कुणाला अवघडल्यासारखं व्हायला नको."

वाचक हो, माझे दोन वर्षांपूर्वीचे उत्तर त्यांना पचले नव्हते. ते त्यांच्या पोटात तसेच राहिले होते. अन्न पचवायला वैश्वानर आहे, पण माणसाच्या तोंडचा अपमान त्याच्याकडे जात नाही. तो ज्याचा त्यालाच पचवावा लागतो. शरीरातली गाठ वैद्यांनी काढली होती, ही दुसरी गाठ मी घातली होती.

त्या रात्री दोन वाजता मी उठून मंडपात गेलो. दिवा तेवढा होता. त्यांच्या गळ्यात वीणा होती आणि सदऱ्याखाली पिशवीचा किंचित उंचवटा दिसत होता. वीणेचा भोपळा त्याच्या शेजारीच टेकला होता. दोन्ही आतून पोकळ. मी त्यांच्या पायांवर डोके ठेवले. वीणा गळ्यात असताना कोणीही ठेवतोच, त्यात विशेष नाही. पण उठताना म्हणालो, "माउली, माझा अपराध पोटात घाला." ते थांबले नाहीत, नाम चालूच होते. दोन आवर्तने झाल्यावर हलकेच म्हणाले, "घातला, बुवा. पोट थोडं बाहेर आलंय, पण जागा आहे."

आपल्या भाषेत क्षमा करण्याला पोटात घालणे म्हणतात. माया असली की आतडे तुटते म्हणतात. आपल्या पूर्वजांना पोट अशुद्ध वाटत असते तर क्षमेला आणि मायेला त्यांनी तेथे जागा दिली नसती. भाकरी असो, पंचामृत असो, अपराध असो, आत घ्यायचे, त्यातले सत्त्व ठेवायचे आणि बाकीचे जाऊ द्यायचे. हीच आतड्याची रीत, आणि भक्ताचीही तीच असावी.

तुमच्या गावातही असे कोणी असेल. पोटावर पिशवी असलेले, लघवीची नळी लावलेले, म्हातारपणामुळे ताबा न राहिलेले. एके काळी काकड्याला पहिले येणारे, आता दारातूनच हात जोडणारे. ते का येत नाहीत हे कोणी विचारत नाही आणि तेही सांगत नाहीत. त्यांच्या घरी जा. मंडपाच्या जवळ पाण्याची आणि आडोशाची सोय करा. त्याला फार पैसे लागत नाहीत. आणि त्यांना रात्री दोनचा पहारा देऊ नका, भर गर्दीतला द्या. माझ्या हातून जे राहिले ते तुमच्या हातून व्हावे.

आता जेवायला बसाल तेव्हा तो श्लोक म्हणाच. पहिला घास गिळलात की क्षणभर थांबा. तो आता तुमच्या ताब्यात नाही. तुमच्या पोटात, अंगणातल्या कुत्र्याच्या पोटात, गोठ्यातल्या गाईच्या पोटात, उंबरावरच्या साळुंकीच्या आणि मातीतल्या गांडुळाच्या पोटात एकच हात कामाला लागला आहे.

रामकृष्णहरी.